अक्कांनी निवडलेलं हेल्मेट

प्रार्थनेची घंटा व्हायच्या जरा आधी सुमनअक्का शाळेच्या फाटकातून सायकलवर आत येत. फिकट रंगाचं सुती पातळ, कमरेला घट्ट खोचलेला पदर, आणि डोक्यावर पांढरं हेल्मेट. धुळ्यात तेव्हा मोटारसायकलवाले पुरुषसुद्धा हेल्मेट घालत नसत. सायकलवर हेल्मेट घातलेली बाई तर कुणी पाहिलीच नव्हती, आणि त्यातून ही चाळिशीची, मोकळ्या कपाळाची. अक्का सायकल लिंबाखाली लावत, हनुवटीखालचा पट्टा सोडत, हेल्मेट हँडलला अडकवत आणि पाठीवर पदरात दाबून ठेवलेली वेणी बाहेर काढत. वेणी कमरेच्या खूप खाली यायची. पाहणाऱ्याला आधी हसू फुटायचं, आणि अक्कांनी वळून त्याच्याकडे पाहिलं की ते तिथंच विरायचं.

मी जळगावची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा पहिल्या नोकरीसाठी धुळ्याला आले. मुलींच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचे, अक्का शिवणकाम शिकवत. राहायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनीच जुन्या धुळ्यातल्या आपल्या घरातली पुढची खोली मला दिली. घरात माणसं दोनच, अक्का आणि त्यांची मुलगी वंदना. वंदना नुकतीच अकरावीला गेली होती. आईसारखेच केस, दाट, नुसते विंचरायचे तरी दोघींची सकाळ त्यात जायची. आणि गंमत म्हणजे तेव्हा अक्कांना सायकल येतच नव्हती.

त्यांच्या मालकांची गोष्ट मला त्यांनी एका रविवारी ब्लाउजला काज करता करता सांगितली. शाळेत अक्का आपल्यासारखं पुस्तकी मराठी बोलत. मनातलं काही निघालं की भाषा आपोआप अहिराणीकडे वळायची. नाना, म्हणजे वंदनाचे वडील, गिरणीत कामाला होते. सकाळची पाळी संपवून सायकलवर घरी येताना खड्ड्यात चाक गेलं आणि ते पडले.

"रक्ताना एक थेंब नही निंघना, बाई," अक्का म्हणाल्या. "कपडे झटकत घरी आले. हात धुऊन कळण्याची भाकर खाल्ली, पोरीशी बोलले. मग म्हणाले, डोकं जड वाटतंय. मी म्हटलं, पडा जरा. चहाच्या वेळेला उठवायला गेले तर उठेचनात."

त्यांनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाल्या, "बठ्ठं लिखेल व्हतं. लिहिलेलं कुणाला पुसता येतं?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे पुष्कळदा ऐकलं. ते म्हणताना त्यांचा आवाज दुःखी नसे. भिंतीला पाठ टेकून बसावं तशा त्या त्या वाक्याला टेकून बसत. नाना गेल्यावर शिवणकामाची पदविका घेतली, नोकरी धरली, पोर वाढवली, ती त्याच आधारावर.

तरी डोक्याची धास्ती गेली नव्हती. वंदनाचं कॉलेज पांझरा नदीपलीकडे, पूल ओलांडून देवपुरात. फैजपूरच्या मामाने भाचीला सायकल घेऊन दिली आणि अक्का अडून बसल्या. "डोक्यावर काही घालशील तर सायकल. डोकं एकच शे, माय. दुसरं शिवून देता येत नाही."

आणि मग शोध सुरू झाला. शेजाऱ्यांचं मोटारसायकलचं हेल्मेट घालून पाहिलं. त्याच्या वजनाने पोरीची मान वाकली आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईना. गिरणीतली पिवळी टोपी आणली. ती पहिल्याच वळणाला उडून गटारात गेली. शेवटी कुणी तरी सांगितलं की आग्रा रोडवरचा एक सायकलवाला शर्यतीच्या पोरांसाठी मुंबईहून हलकी हेल्मेटं आणतो. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी तिथं गेलो.

निघायच्या आधी अक्कांनी वंदनाला मुद्दाम कॉलेजला जाते तसे केस बांधायला लावले. "रोज जसे बांधून जाणार, तसेच बांधून दुकानात जायचं," त्या म्हणाल्या. "माप घेताना एक अंग आणि घालताना दुसरं, असं केलं की कापड वाया जातं."

दुकानदार शेठ गुजराती होता, बोलायला गोड. त्याने चार-पाच हेल्मेटं काढून ठेवली. वंदनाने तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे डोक्यावर उंच अंबाडा घातला होता. त्यावर हेल्मेट ठेवलं तर ते हंड्यावर तांब्या ठेवावा तसं डुलायला लागलं. अंबाडा खाली मानेवर आणला तर तो मागून ढकलायचा आणि हेल्मेट पुढे डोळ्यांवर यायचं. दोन वेण्या घालून वर दुमडल्या तर कानामागे रिबिनींच्या गाठी रुतायला लागल्या.

"अक्का, पोरीचे केस जरा कमी करून टाका," शेठ म्हणाला. "माल सगळा पुरुषांच्या मापाचा येतो."

"टोपीसाठी डोकं कापतात का, शेठ?" अक्का म्हणाल्या, आणि दुकानातल्या स्टुलावर पोरीला बसवून त्यांनी केस सोडले.

त्यांनी आधी सगळे आकडे काढून माझ्या हातात दिले. पडली तर हेच डोक्यात घुसतील, म्हणाल्या. मग मधोमध भांग पाडून केस कानामागून चापूनचोपून खाली घेतले आणि वेणी अगदी मानेशी, हेल्मेटची कड जिथं संपते तिथून सुरू केली. सैल, एकच वेणी. वर काहीच उरलं नाही. आता हेल्मेट सपाट बसलं, कड भुवयांच्या जरा वर. अक्कांनी पट्टा न लावताच पोरीला खाली वाकून मान हलवायला सांगितली. एक मोठं होतं, ते पडलं. दुसरं पडलं नाही, पण कपाळावर लाल वळ उमटला. तिसरं हलवलं की त्याच्याबरोबर कपाळाची कातडीही हलली. अक्कांचा चेहरा सैल झाला, तरी उठायची घाई त्यांनी केली नाही. शेठने मागवलेला चहा येऊन पिऊन होईस्तोवर पोरीला ते डोक्यावरच ठेवायला लावलं. "टोचणारी वस्तू घातल्या घातल्या टोचत नाही, बाई. जरा वेळाने टोचते."

घरी आल्यावर त्यांनी पट्ट्याच्या कडेला मलमलची पट्टी शिवली, मानेवरचे बारीक केस त्यात ओढले जाऊ नयेत म्हणून. आणि तेल रविवारीच लावायचं असं ठरवलं, कारण तेलकट केसांवरून हेल्मेट घसरतं.

इतकं सगळं केलं आणि वंदनाने ते हेल्मेट महिनाभरही घातलं नाही. घरून घालून निघायची आणि पुलाच्या अलीकडे उसाच्या रसाच्या गाडीवर ठेवून जायची. एक दिवस तो रसवालाच ते घेऊन घरी आला. गावाला चाललोय, पोरीची वस्तू हरवायला नको, म्हणाला. वंदना दारात उभी होती. मला वाटलं, आता मार बसतो.

"तुले लाज वाटस ना?" अक्कांनी विचारलं.

वंदना रडायलाच लागली. कॉलेजातली पोरं तिला चंद्रावरची बाई म्हणत होती.

अक्का बराच वेळ हेल्मेट हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मी बी घालस. मी बी सायकल शिकस. हासनारा दोन्हीसले हासतीन, तुना वाटाले अर्धंच ई."

पोरीच्या वाट्याचं निम्मं हसू स्वतःवर घेणार, हे मला नुसतं बोलणंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला मैदानावर थांबवून घेतलं. मी कॅरियर धरून मागे पळायचे आणि अक्का तोल जाऊ लागला की डोळे मिटून घ्यायच्या. कोपरं सोलली, पातळं फाटली, ती त्यांनीच रफू केली. होळीपर्यंत त्या सुटं चालवायला लागल्या. शेठच्याच दुकानातून स्वतःला हेल्मेट आणलं, स्वतःचा अंबाडा मोडून पोरीसारखी खाली वेणी घातली. मग रोज सकाळी मायलेकी पुढे-मागे निघत. पुलापर्यंत अक्का सोबत जात, तिथून वळून शाळेत येत. लोक हसले. पानाच्या दुकानावरून, गच्चीवरून, स्टाफरूममध्येसुद्धा. अक्का म्हणत, "हसू द्या. त्यांचं तोंड दुखेल तेव्हा थांबतील." आणि खरोखरच, काही महिन्यांनी थांबले.

वंदना बारावीला होती त्या हिवाळ्यात एका टेम्पोचा आरसा तिला पुलावर लागला. ती कठड्याच्या दगडावर डोकं आपटून पडली. मला शाळेत निरोप आला, मी अक्कांना घेऊन दवाखान्यात पोचले तेव्हा वंदना खाटेवर बसलेली होती. कोपर खरचटलेलं, बाकी काही नाही. हेल्मेट शेजारी पडलं होतं, मधून तडकून जवळजवळ दोन भाग झालेलं.

"हे नसतं तर काही खरं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "तरी आज हिला सलग झोपू देऊ नका. अधूनमधून उठवा, नाव विचारा. उत्तर अडखळलं, तर लगेच घेऊन या."

मी देवाचे आभार मानत होते. अक्का मात्र डॉक्टरांकडे बघत उभ्या होत्या.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "डोक्याला मार लागलेला माणूस घरी आला, जेवला, बोलला, आणि झोपला तर?"

डॉक्टर हात धूत होते. त्यांना नानांबद्दल काही माहीत नव्हतं. "तेच तर सांगतोय. झोपू द्यायचं नाही, इकडे आणायचं. आत रक्त साठत असतं. वेळेवर आणलं तर पुष्कळ जण वाचतात."

अक्कांनी मान डोलावली. रिक्षात त्या वंदनाचा हात धरून बसल्या होत्या, पण तिच्याकडे पाहत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या नाहीत. मी घरी आले तर मशीनपुढे नुसत्या बसलेल्या. मशीनवर कापड नव्हतं.

"पोर वाचली, अक्का," मी म्हटलं. "तुमच्यामुळे वाचली."

"हां," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाचवता येतं." आणि मग, "इतकी वर्षं मी म्हणत होते, लिखेल व्हतं. माले कोनी सांगं नही, बाई. आता कोणावर टाकू?"

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, ते खरं. पण पडा जरा, हे मीच म्हटलं ना?"

मी उठून चहा ठेवायला आत गेले.

त्या दिवसापासून अक्का बदलल्या. रडल्या-बिडल्या नाहीत. वंदनासाठी शेठकडून नवं हेल्मेट आणलं, पुन्हा तशीच पारख करून, पण स्वतः सायकल चालवणं सोडलं. केस धुवायचा कंटाळा करायला लागल्या. वंदना मागे लागून वेणी घालायची. मधल्या सुट्टीत एखादी मुलगी पडली, डोक्याला टेंगूळ आलं, की अक्का तिला शिवणाच्या वर्गात नेऊन बसवत आणि शाळा सुटेपर्यंत परत परत नाव विचारत. मुली घाबरायच्या. पालकांच्या तक्रारी आल्या. मुख्याध्यापिकांनी बोलावून समजावलं, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "नावच विचारते. मारत तर नाही."

पुढे माझं लग्न झालं, मी जळगावला परत गेले. निघताना अक्कांनी माझ्या मुलाबाळांना लागतील म्हणून दुपटी शिवून दिली आणि दारापर्यंत आल्या. "कुणी पडलं तर सांभाळा" एवढंच म्हणाल्या. वंदना शिकून मास्तरीण झाली, जामनेरला दिली. अक्कांनी मुदतीच्या आधीच नोकरी सोडली आणि त्या तिच्याकडे राहायला गेल्या. मी दोनदा भेटून आले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं, पण बोलल्या फार थोडं. त्यानंतर वर्षभरातच त्या गेल्या. हृदय थांबलं, असं जावयांनी कळवलं.

मी जामनेरला गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता. वंदनाने चहा केला. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. बाजार समितीतून कापसाच्या गाड्या परत चालल्या होत्या.

"शेवटी शेवटी त्रास झाला का गं त्यांना?" मी विचारलं.

"तिला नाही," वंदना म्हणाली. "दुपारी घरात कुणी आडवं झालं की तिला चैन पडायचं नाही. येऊन हलवून उठवायची. ऊठ, नाव सांग. हे चिडायचे, सासूबाई कुरकुर करायच्या. मग मी सगळ्यांना आतल्या खोलीत झोपायला सांगितलं आणि मी एकटीच तिच्यासमोर पडायला लागले."

"मग तुझी झोप?"

"मी झोपायचेच नाही, बाई. डोळे मिटून वाट बघायचे. ती आली, खांद्याला हात लावला, की उठून बसायचे आणि नाव सांगायचे. सासरचं नाही. माहेरचं, बापाचं नाव घालून. ते पूर्ण ऐकलं की ती म्हणायची, हां, आता झोप. आणि स्वतः भिंतीला टेकून बसायची."