चावी दिली आणि जीव टांगणीला लागला

मानेवाड्याच्या मेकॅनिक प्रेमानंद गजभियेचा एक हेका होता. गाडीला नवे ब्रेक पॅड टाकले की चावी लगेच द्यायची नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक ओरडो की पाय आपटो, प्रेमानंद आधी स्वतः गाडी घेऊन रिंगरोडला जायचा. पन्नासचा वेग धरायचा, हलका ब्रेक मारून दहावर आणायचा, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. मग थोडी पळवायची, चाकं गार होऊ द्यायची, परत ब्रेक. असं तीस वेळा, पॅड नीट बसेपर्यंत.

"नवा पॅड लय लबाड असते गा," तो सांगायचा. "तापला का गाडी थांबवतच नाही. अन् पेडल पायाखाली कडकच लागते, माणसाले वाटते ब्रेक हाय." लोक हसायचे. हसोत बापडे! बावीस वर्षांत त्याच्या हातची एक गाडी कुठे आपटली नव्हती. त्याची पोरगी दीप्ती लहानपणी बाजूच्या सीटवर बसून मोठमोठ्याने ब्रेक मोजायची.

त्याच दीप्तीला आता सातवा महिना होता. चार दिवस माहेरी राहिली, आणि जावई अंकुश आपल्या आईला, भीमाबाईला घेऊन तिला सावनेरला न्यायला आला. येताना गाडीचे ब्रेक करकरत होते. प्रेमानंदने चहापाणी होईस्तोवर पुढचे पॅड बदलले आणि सवयीने चावी आपल्याच हातात ठेवली.

"अर्धा तास द्या जवाईबापू. चक्कर मारून आणतो."

"काहून मामाजी? माह्या गाडीचे ब्रेक मले बी मारता येते," अंकुश हसला. भीमाबाई मात्र हसली नाही. "इंजिनिअर हाय माहा पोरगा," ती गाडीत बसल्या बसल्या म्हणाली.

आता इथे दुसरा कुणी असता तर प्रेमानंदने त्याला उभा झाडला असता. पण जावई! विहीण समोर बसलेली! "रस्त्यानं तीसेक वेळा ब्रेक मारा जरा," एवढंच तो चावी देताना पुटपुटला. कसे मारायचे, मध्ये किती थांबायचं, ते पोटातच राहिलं. दीप्ती बापाकडे बघत होती. गाडी निघाली.

तासभर त्याने हातात पाना धरला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं, सावनेर रोडवर या वेळी कोळशाच्या ट्रकची रांग असते. शेवटी त्याने फोन लावला.

"हो बाबा, मोकळा रस्ता लागला तसे हे ब्रेक मारूनच राहिले," दीप्ती म्हणाली. "एकवीस झाले."

"मधात गार होऊ देऊन राहिले का?"

"नाही. एकामागं एक."

मागून भीमाबाईचा आवाज आला, "कायचा वं हा जळका वास?"

प्रेमानंद ओरडला, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोराने. "पोरी, त्याले सांग, गाडी हळू कर! समोरच्या गाडीपासून लांब राहा!"

"चिंता नका करू मामाजी, पेडल एकदम कडक हाय," अंकुश ओरडून म्हणाला. आणि लगेच, "अरे! थांबूनच नाही राहिली!"

"गिअर उतरवा! हँडब्रेक!" दीप्ती किंचाळली. फोन बंद झाला.

प्रेमानंदने स्कूटर कशी हाणली त्याचं त्यालाच ठाऊक. प्रत्येक उभ्या ट्रकमागे त्याला पोरीचं लुगडं दिसत होतं. पाटणसावंगीच्या अलीकडे गाडी दिसली. कोळशाच्या ट्रकपासून हातभर अंतरावर, रस्त्याकडेच्या रेतीच्या ढिगात घुसलेली. अंकुश आणि भीमाबाई बाजूला धड उभे होते. दीप्ती निंबाखाली बसली होती, दोन्ही हात पोटावर.

"हालून नव्हतं राहिलं बाबा," ती म्हणाली. "आत्ता हाललं."

प्रेमानंद तिच्याजवळ बसला आणि सगळ्यांसमोर रडला. अंकुशने मान खाली घालून चावी पुढे केली. प्रेमानंदने ती घेऊन खिशात टाकली.

"तुम्ही त्यायले सगळं काहून नाही सांगितलं?" दीप्तीने हळूच विचारलं.

"विहीणबाईसमोर जवाईबापूले काय शिकवू, वाटलं."

दीप्तीने पदराने त्याचे डोळे पुसले.

"मले तर सगळं माहीत होतं बाबा," ती म्हणाली. "सासूबाई बसल्या होत्या म्हणून मी बी नुसती मोजत बसली."