रोवणी विचारून लावलेली ड्युटी

मंडळी, आज हाताचं ड्रेसिंग करायला लाखनीच्या दवाखान्यात गेले होते. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला नागपूरला जास्त पगाराची नोकरी मिळतेय. होकार आजच कळवायचा होता.

"मंग जाऊन राहिली का, बाई?"

"नाही जात, काकू. आमच्या मोठ्या सिस्टर ड्युटी लावायच्या आधी विचारतात, तुह्या घरी धानाची रोवणी कवा हाय?"

पलीकडून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "विचारतो, पण चिखलाचे पाय घेऊन वॉर्डात नोको येऊ म्हणा तिले."

माझे यजमान याच दवाखान्यात वारले. शेवटी हीच सिस्टर त्यांचे ओठ ओले करत बसायची. दिवसभर राबून एवढी माया उरते कशी, असं तेव्हा वाटायचं. तिचीही कोणी विचारपूस करतं, म्हणून उरत असेल.

तुमच्या घरच्या नोकरीवाल्या बाईला असं कोण विचारतं?