दायऱ्यातली मोजणी

रविवार, १८ मे. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच. माणसं दोन: मी आणि कार्यालयातला माझा सहकारी मुश्ताक. सामान: तीस मीटरची टेप, चुन्याची पिशवी, नकाशाचे कागद. काम एकच. रेवदंड्याच्या अलीकडे मुश्ताकच्या वाडीत एक जुनं कब्रस्तान आहे आणि त्यावरून नवा रस्ता जाणार आहे. सरकारी नोंदीत ती जागा 'पडीक' लागली आहे. मंगळवारच्या सुनावणीत कबरींचा आकडा आणि नकाशा दाखवला नाही, तर तिथं डांबर पडणार.

समुद्र त्या दिवशी हलत नव्हता. उन्हाचा पांढरट पडदा पाण्यावर उतरला होता; रेवसचा धक्का आधी दिसला, त्याखालची जमीन बरीच नंतर.

पुढे रिक्षात मुश्ताकनं त्याच्या लोकांची हकिकत सांगितली. पाचशे वर्षांपूर्वी जौनपूरच्या एका सत्पुरुषानं जाहीर केलं की कयामतीआधी येणारा मेहदी तो मीच. त्याला मानणारे ते मेहदवी. ते घरदार सोडून दायऱ्यात (वर्तुळात वसलेल्या वस्तीत) राहत. दिवसभरात जे येईल ते सगळ्यांत सारखं वाटत. उद्यासाठी काही ठेवत नसत. मौलवींना हे खपलं नाही, सुलतानांना त्याहून नाही. त्यांना हाकललं, मारलं. त्यांनीही तलवार उचलली. निजामशाहीत तर दोनेक वर्षं सत्ताच त्यांच्या हाती आली, मग एक लढाई हरले आणि पांगले. चौल हे निजामशाहीचं बंदर. तेव्हा घाट उतरून काही घरं इकडे आली, असं वाडीत सांगतात. कागद मात्र एकही नाही, हे मी इथं नोंदवून ठेवतो. वाडीचं नाव त्यांच्या विनंतीवरून लिहीत नाही.

आम्ही पोचलो तो दिवस त्यांच्या इमामाच्या, म्हणजे त्या जौनपूरच्या सत्पुरुषाच्या, स्मरणाचा. त्या दिवशी जेवणाचं लाकूड आणि पाणी प्रत्येकानं स्वतः आणायचं असतं. वाडीचे मुर्शिद (गुरू) ऐंशीच्या पुढचे. डोक्यावर मोळी घेऊन समोरून येत होते. पाहुणा म्हणून मला सूट मिळाली नाही. सुरूच्या बनातून मीही एक मोळी आणली, खांदा सोलून घेतला. त्यावर सांदणं (तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोड वडी) मिळाली आणि मी कामाला लागलो.

कब्रस्तान म्हणजे उंडीच्या झाडांखालचं सपाट गवत. शोधून शोधून अकरा दगड सापडले. चुन्यानं खुणा केल्या, आकडे घातले. मुश्ताकची फुफी (आत्या) खतीजाबी दारातून बघत होती. ती म्हणाली, "दादा, ते माझे आमसुलं वाळवायचे दगड हायत. त्यांच्याखाली कोण न्हाय."

मग खरं कळलं. मुर्शिदांच्या वडिलांच्या काळात आखातातून आलेल्या एका घरानं आपल्या माणसावर संगमरवर चढवला. मेल्यावर एक मोठा नि एक लहान कसा, म्हणून वडिलांनी पहार घेऊन तो फोडला आणि सगळ्याच कबरींचे जांभ्याचे दगड काढून टाकले. पुढे सरकारी मोजणीदार आला. जागा कोणाची, त्यानं विचारलं. वडील खरं तेच बोलले: आमची नाही, अल्लाची. मोजणीदारानं 'पडीक' लिहिलं.

दुपारी माणसं हातात मूठभर माती घेऊन निघाली. कोणी कोणाला विचारलं नाही. बाई, म्हातारा, शाळकरी मुलगी, जो तो चालत जाऊन आपापल्या माणसाच्या जागी थांबला, माती टाकली, दोन पावलं सरकून पुन्हा टाकली. त्या रिकाम्या गवतात बघता बघता ओळी उमटल्या. जणू खालची माणसंच क्षणभर उठून उभी राहिली. मी टेप धरून तसाच उभा होतो. मग भानावर आलो आणि प्रत्येक मुठीवर चुना टाकत सुटलो. ज्यांचं कोणी उरलं नव्हतं त्यांच्यापाशी खतीजाबी गेली. "इथं तिघं," ती म्हणायची, "ह्यांची मी." दोनदा मोजलं. एकशे सत्त्याऐंशी. टेप लावून तेवढे ठिपके नकाशावर उतरवले.

जेवण वर्तुळात. प्रत्येकाला एक डाव भात, दोन तुकडे मटण. मुर्शिदांना तेवढंच, मला तेवढंच, सहा महिन्यांच्या मुलीच्या नावानंही तेवढंच.

मी मुर्शिदांना विचारलं, तुमचे लोक अजून इमाम परत येण्याची वाट बघतात का?

"ते आले नि गेले," ते म्हणाले. "आमची वाट बघून झाली."

मग मी सुनावणीला लागणारा हक्काचा अर्ज पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. दुनिया सोडलेल्या माणसानं जमिनीवर 'माझी' म्हणून सही कशी करावी? मुश्ताक काकुळतीला आला. खतीजाबी मात्र मुर्शिदांना शांतपणे म्हणाली, "तुझ्या बापानं एकदा न्हाय म्हटलं. आता तू म्हण, म्हंजे त्याच्या छातीवरून डंपर जातील."

मग मुर्शिद म्हणाले, "सही करतो. पण माझं नाव पहिलं नको. कोणाचंच नको."

अर्जावर तर पहिली ओळ असतेच. मी नकाशाचा एक मोठा कोरा कागद पसरला, भाताची परात उपडी ठेवली आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवली. त्या रेघेभोवती एक्केचाळीस सह्या आणि अंगठे झाले. मुर्शिदांची सही त्यात कुठं आहे, ते मलाही शोधावं लागलं.

परतताना किनारा पाण्यात विरघळत गेला. हिशेबी माणूस मी. आजवर रेघ मारली ती माझं-तुझं वेगळं करायला. एवढ्या माणसांना एकत्र धरणारी रेघ मी प्रथमच काढली होती.

मंगळवारी अधिकाऱ्यांनी कागद घेतला, पहिला अर्जदार शोधत एक पूर्ण फेरा फिरवला, मग उलटा फिरवला. शेवटी विचारलं, "ह्यातला मालक कोण?"

"सगळे सारखे," मी म्हणालो.

त्यांनी नकाशावरचे ठिपके स्वतः मोजले. मग 'पडीक' या शब्दावर आडवी रेघ मारून वर 'दफनभूमी' लिहिलं.