आबांची तूर

उदगीरच्या स्टँडवर आबांनी माझी बॅग एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डोळे पुसावेत की हसावं, हे दोघांनाही कळेना. शेवटी ते म्हणाले, "आपली तूर फुलावर येईस्तोवर रानातली ओल जाते, माय. लवकर फुलणारी काढ. दुसरं काही नको."

तेच शोधायला मी चेन्नईला आले. लवकर आणि उशिरा फुलणाऱ्या तुरींचा संकर करायचा, पुढच्या पिढ्यांतल्या प्रत्येक झाडाच्या पहिल्या फुलाची तारीख टिपायची, पानांतून डीएनए काढायचा आणि लवकर फुलण्याचा गुण गुणसूत्राच्या कोणत्या तुकड्यावर आहे ते हुडकायचं. राहायला वेस्ट मांबलममध्ये खोली मिळाली. घरमालकीण कमलाबाई तंजावरकडच्या. त्यांचं जुनं, तमिळ हेलाचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जिन्यातच रडले होते. सांबारात तुरीची डाळ शिजायची आणि त्या वासाने मला घर आठवायचं.

तो तुकडा सापडला. आमच्या प्लॉटमधली झाडं खरोखरच लवकर फुलली. आता ती दुसरीकडे लावून बघायची होती, तोच प्रोजेक्टचा निधी संपला. मी पिशवीभर बी आबांना दिलं. "दोनच ओळी पेरा, अजून खात्री नाही," असं बजावून सांगितलं.

त्यांनी वरचं अख्खं रान पेरलं. "पोरीनं काढलेलं बी हाय," असं गावभर सांगितलं.

मग रोज फोन.

"फूल आलं का, आबा?"

"येईल की."

आलं नाही. तूर दिवस लहान होण्याची वाट बघते. चेन्नईचा दिवस पावसाळ्यातही फारसा लांबत नाही, आमच्याकडचा लांबतो. माझ्या तुकड्याने इथल्या दिवसात काम केलं, तिथल्या नाही. पाऊस लवकर गेला. उशिरा आलेली फुलं गळाली, शेंगा पोचट राहिल्या. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी माझ्या भावाने त्या रानात सोयाबीन घेतलं. आमची लॅब बंद झाली, शीतपेटीतलं बियाणं कुठे गेलं ते मला कुणी सांगितलं नाही. आता मी चेन्नईतच नुंगंबाक्कमला एका ऑफिसात मिरचीच्या वाणांची माहिती संगणकात भरते. रान भावावर सोपवून आबा माझ्याकडे असतात. कमलाबाईंशी दोन शब्द बोलतात. तुरीचा विषय काढत नाहीत. भावाचा जमीन विकण्याबद्दल फोन आला, तेव्हा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "विक."

गावी राहिलेले विचारतात, परत कधी येणार? माझ्यासारखेच निघून आलेले तर विचारणंही सोडून देतात.

परवा स्टेशनजवळ फुलवाल्या बाईने आबांना विचारलं, "ऊर एन्ना?" म्हणजे गाव कोणतं. एवढं तमिळ त्यांना आता कळतं. पूर्वी ते गाव, तालुका, जिल्हा, सगळं सांगत. मी थांबले.

"मांबलम," आबा म्हणाले आणि चालू लागले.