मिक्सर घेण्याआधी शाळेत केलेला फोन

मंडळी, आज बायकोकडून खरेदी शिकलो.

दुपारी आम्ही बुधवार पेठेत मिक्सर घ्यायला गेलो होतो. मी आयटीवाला, वॉट आणि वॉरंटी पाठ करून गेलेलो. तरी एका खोक्यावर ‘प्रत्येक खरेदीमागे एक झाड’ असं वाचलं आणि विरघळलोच. खोक्याचा फोटोसुद्धा काढला.

बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. ती दुसऱ्याच कंपनीच्या मिक्सरपाशी थांबली. त्या कंपनीने तिच्या जुन्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलंय. पण घेण्याआधी तिने तिथल्या शिपाई मावशींना फोन लावला. "मावशी, नळाला अजून पाणी येतं ना? दारांच्या कड्या नीट लागतात?"

दुकानदार म्हणाले, "वहिनी, आपण मिक्सर घेताय की शाळा तपासताय?"

"दोन्ही."

मावशींनी सांगितलं, "कंपनीचा माणूस महिन्याला येऊन बघून जातो, बाई." मग मिक्सर घेतला. मला बायकोचं फार कौतुक वाटलं, पण मी विचारलंच, "आणि माझं झाड?"

"कुठे लावलंय विचारा. पाणी घालून येऊ."

मघापासून तो फोटो मोठा करून बघतोय. पत्ता कुठेच नाही. तुमच्यापैकी कुणाला ते झाड दिसलंय का?