आपले गेले फक्त एक

यज्ञेश्वरराव खांबेटे यांनी नारायण पेठेत चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. नाटकांच्या, प्रदर्शनांच्या, शिकवण्यांच्या. 'फक्त तीन प्रयोग', 'फक्त महिलांसाठी', 'फक्त आजच'. हा शब्द त्यांच्या हातात असा मुरला होता की आकडा दिसला की तो आपोआप उतरायचा. त्यांचा 'फ' लांबूनही ओळखू यायचा. मोठ्या पोटाचा, शेपूट वर वळवलेला. चौकातला मंडळाचा वार्ताफलकही तेच लिहीत, आणि फुकट लिहीत, म्हणून कुणी शुद्धलेखनाच्या चुका काढत नसे. आमच्या पेठेत ही फार मोठी सवलत आहे.

एकाहत्तरच्या लढाईत त्या फलकाला बहर आला. रंगीत खडू, कोपऱ्यात विमानांची चित्रं, मधोमध आकडे. मंडईतून भाजी घेऊन येणारी माणसं वाट वाकडी करून थांबत, शेंगदाणे खात, आकडा वाढला की टाळ्या वाजवत. मीही वाजवल्या आहेत. कॉलेजात होतो, अक्कल नंतर आली.

एका संध्याकाळी यज्ञेश्वररावांनी लिहिलं, 'त्यांची पाच विमाने पाडली. आपले गेले फक्त एक.' टाळ्या झाल्या. मग गर्दीतून विजयमाला पुढे आली. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडातली, नुकतंच लग्न झालेली. तिचा भाऊ शरच्चंद्र वैमानिक होता, आणि तो बेपत्ता असल्याची तार दुपारीच आली होती. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, फक्त कशाला लिहिलंत?" एवढंच तिनं विचारलं आणि तार त्यांच्यापुढे धरली.

यज्ञेश्वररावांनी तळहातानं तो शब्द पुसला. पुन्हा कधी फलकाला हात लावला नाही. महिनाभरात विजयमालेच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली आणि बिऱ्हाड हललं. भावाचं पुढे काय झालं, हे एका पोस्टकार्डात कळलं असतं. पण उत्तर वाईट आलं तर, या भीतीनं यज्ञेश्वररावांनी कधी विचारलं नाही. मीही नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी माझी पुतणी सुनीती त्यांच्याकडे गेली. ती अ‍ॅनिमेशन शिकत होती.

"आजोबा, आमची शॉर्ट फिल्म आहे. स्टेडियममध्ये वॉर चालू असतं आणि लोक भेळ खात एन्जॉय करत असतात. स्कोअरबोर्ड हातानं लिहिलेला हवाय. कॉम्प्युटरची अक्षरं अगदीच बोअर दिसतात."

यज्ञेश्वरराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी तिला समोर बसवलं. मग तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "लिहितो. पण शेवटची ओळ माझी."

फिल्म आठ मिनिटांची झाली. शेवटी फलकावर तीच ओळ येते, स्टेडियम दणाणतं, एक बाई उभी राहते आणि एक तळहात 'फक्त' पुसून टाकतो. सगळ्यांच्या हातातली भेळ हातातच राहते. फिल्म फोनाफोनांतून कुठे कुठे गेली.

पुढच्याच महिन्यात, रविवारी सकाळी, मी त्यांच्याकडे बसलो असताना बेल वाजली. दारात एक म्हातारी बाई, मागे काठी टेकत एक गृहस्थ.

"यज्ञेश्वरराव ना? मी विजयमाला. नातीनं फिल्म दाखवली. तुमचा 'फ' बघताक्षणी ओळखला."

यज्ञेश्वरराव उठून उभे राहिले, पण याही वेळी त्यांना विचारवेना. तेवढ्यात मागचे गृहस्थ चपला काढून आत आले.

"नमस्कार. मी शरच्चंद्र," ते म्हणाले. "वर्षभर तिकडे कैदेत होतो. आपले गेले फक्त एक, ते माझं."

यज्ञेश्वररावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ते ढसाढसा रडले. अठ्ठेचाळीस वर्षांचं ओझं उतरत होतं, आणि त्यातलं थोडं माझंही होतं. हात काही ते सोडेनात.

"सोडा आता," विजयमालाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "चहा विचारा त्याला."