शेवटचं पान आधी

भुताच्या कादंबऱ्यांबद्दल माझी जुनी तक्रार आहे. भूत वेळेवर येत नाही. आधी पंखा आपोआप फिरणार, मग कुत्रं भुंकणार, मग घरातली एखादी शहाणी बाई सगळ्यांना झोपवून एकटीच माळ्यावर जाणार. अर्धं पुस्तक संपलं तरी भुताचा पत्ता नसतो. तरी मी वाचत राहते, कारण खरं सांगायचं तर मला ते लांबवणंच आवडतं. दार बंद आहे तोवर आत काहीच नाही असं समजायला जागा असते. बाकी कसबा पेठेत जन्म काढलेल्या बाईला भुताची भीती वाटायचं कारण नाही. आमच्या बोळात माणसांनाच उभं राहायला जागा नसते, भूत कुठे राहणार?

माझ्या नवऱ्याला मात्र युद्धाच्या कादंबऱ्या लागायच्या. हे गेले त्याला आता वर्ष होईल. शनिवारी आम्ही दोघं चालत वाचनालयात जायचो, मी माझं भूत घ्यायचे, हे त्यांची लढाई घ्यायचे, आणि परत येताना भांडण सुरू व्हायचं. युद्धाच्या कादंबऱ्यांचा मला राग होता. लेखक एका पोराला पानंच्या पानं वाढवतो, त्याच्या आईने दिलेल्या लाडवांचा डबा, त्याचं जुळत आलेलं लग्न, सगळं तब्येतीत सांगतो आणि मग एका ओळीत त्याला उडवून टाकतो. पुढच्या ओळीत लगेच तोफा सुरू. "रडायला तरी वेळ द्यावा माणसाने," मी म्हणायचे. त्यावर हे म्हणायचे, "तिथे वेळ असतो कुणाला? तुझ्या भुतांसारखी सगळी निवांत नसतात."

ह्यांची आणखी एक खोड होती. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायचं. वाचनालयात कपाटापाशी उभ्या उभ्या वाचायचे, मग पुस्तक बगलेत मारून शांतपणे घरी यायचे. मला हा अन्याय वाटायचा. शेवट माहीत असेल तर मधलं वाचायचं कशाला? एकदा मी चिडून विचारलं, तेव्हा ह्यांनी सरळ उत्तर दिलं. ह्यांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली होती. "आम्ही इथे पेटी भरायची, सील करायची, गाडीत चढवायची. पुढे ती कुठे उघडली, कुणावर पडली, कधी कळलं नाही. पुस्तकात तरी आधी कळू दे." मला ते पटलं नाही, पण त्यानंतर मी ह्यांना त्या खोडीवरून टोचायचं सोडून दिलं.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बसवून मला आत बोलावलं. गाठ होती, पसरली होती. आता त्रास कमी करता येईल, त्यापुढे काही नाही, असं त्यांनी फार चांगल्या शब्दांत सांगितलं. मुलगा परदेशात असतो. त्याला फोन केला तर तो रडला आणि मग म्हणाला, "आई, बाबांना प्लीज सांगू नकोस. ते खचतील." मीही तेच ठरवलं होतं. ह्यांना सांगितलं की अल्सर आहे, जुना आहे, बरा व्हायला वेळ लागेल. ह्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मग तिखट बंद का?" मी म्हटलं, बंद.

त्यानंतरचे दिवस मी बंद दाराबाहेर काढले. सगळं सुरळीत चाललंय असा चेहरा करून पेज करायची, गोळ्या द्यायच्या, आलेल्यागेलेल्यांना दारातच गप्प करायचं. स्वयंपाकघरात नळ सोडून रडायचं. आपण ह्यांना फसवतोय हे मला कळत होतं, आणि सांगायचं धाडस होत नव्हतं. इतकी भुतं वाचली, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

ह्यांना पुस्तक फार वेळ धरवेना, म्हणून दुपारी मी वाचून दाखवायला लागले. असंच एकदा वाचनालयातून नवी युद्धकादंबरी आणली, ह्यांच्या उशाशी ठेवली आणि पेज टाकायला आत गेले. मग रोज थोडं थोडं वाचलं. बर्फातल्या चौकीवरचा एक जवान, मांडीत गोळी लागलेली, आणि सोबतचे त्याला सांगतायत की हेलिकॉप्टर निघालंय, येईलच. शेवटच्या दुपारी मी वाचता वाचता नजर पुढे टाकली. हेलिकॉप्टर येत नाही. पहाटे तो जातो. अर्थातच एका ओळीत.

माझ्याने ते वाचवेना. मी पानाकडे बघत राहिले आणि तोंडाने भलतंच बोलायला लागले. ढग फाटले, हेलिकॉप्टर उतरलं, जवानाने डोळे उघडले तेव्हा तो इस्पितळात होता आणि नर्स त्याला चहा देत होती. मी पुस्तक मिटलं. आवाज कापला नव्हता, म्हणून मला बरंही वाटलं.

हे छताकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "चहात साखर होती का?"

"म्हणजे?"

"नाही, लेखकाने एवढं लिहिलंय तर तेही लिहिलं असेल." मग माझ्याकडे वळले. "अगं, त्या हवेत हेलिकॉप्टर उतरत नाही. तो पहाटे जातो. तू आत पेज टाकत होतीस तेव्हाच मी शेवटचं पान बघून घेतलं."

इतक्या वर्षांचा संसार, आणि मी नेमकी तीच गोष्ट विसरले होते. मला हसू आलं. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात फार हलका झाला होता.

"इतके दिवस कळत होतं मला," हे म्हणाले, "पण तू एवढ्या कष्टाने लपवत होतीस, म्हटलं राहू दे. आता डॉक्टर काय म्हणाले ते सांग. आणि हे बघ, तुझ्या भुतांसारखं लांबवू नकोस. एका ओळीत सांग."

मी एका ओळीत सांगितलं.

खाली बोळात कुणीतरी स्कूटर काढायला दुसऱ्याच्या नावाने ओरडत होतं, ते ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आता ते पान वाच. लिहिलंय तसं."

मी पान उघडलं. एकच ओळ होती. शब्दाशब्दाला थांबत मी ती वाचली, आणि लांबवतेस म्हणून हे मला एकदाही बोलले नाहीत.